अप्रगत मुलांची यादी कशी करावी

नव्याने रुजू झालेल्या शिक्षणसेवक बाई-गुरुजींनो, अभिनंदन. पवित्र पोर्टलच्या, म्हणजे सरकारी शिक्षकभरतीच्या संकेतस्थळाच्या, दारात इतकी वर्षं तिष्ठून अखेर तुम्ही आत आलात. महिना 16 हजार मानधन, तीन वर्षं सेवा, पाच वर्गांची द्विशिक्षकी शाळा, पट 41. पहिली ते पाचवीत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक पुरे, असं कायदा म्हणतो. वर्ग किती, हे तो विचारत नाही. दुसरे शिक्षक हेच मुख्याध्यापक आणि मुख्याध्यापक टपाल घेऊन तालुक्याला गेलेत. तेव्हा उपचारात्मक अध्यापन, म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्या 'अप्रगत' मुलांना जादा शिकवणं, तुमच्याकडे. घाबरू नका, ते एकट्यानेच करायचं काम आहे. त्याला दुसरं कुणी मंजूरच नाही.

खोटं वाटत असेल तर संचमान्यतेचा, म्हणजे शाळेला मंजूर पदांचा, कागद उलटासुलटा करून पाहा. 'उपचारात्मक शिक्षक' नावाचं पद सापडणार नाही. काम मात्र आहे. प्रत्येक मुलाची कुवत जोखून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य, असं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये लिहिलंय. कलम 27 सांगतं की जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये. हे दुसरं कलम पाठ करून तहसील कचेरीत जाऊ नका. मतदार यादी हे निवडणुकीचंच काम आहे, आणि आपल्याकडे निवडणूक संपते कधी?

मनुष्यबळ अगदीच मिळत नाही असंही नाही हं. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून बारावी झालेले तरुण महिना 6 हजार विद्यावेतनावर शाळांतही आले होते, सहा महिन्यांसाठी. पोरांची नावं पाठ होऊन कोण कुठे अडतं हे कळायला लागलं की मुदत भरत आली. पुढे ती पाच महिन्यांनी वाढवली, म्हणजे निरोप समारंभ जरा लांबला.

आता मुख्य काम, यादी. वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी झाली, गुण मोबाइलवरच्या चॅटबॉटला सांगून झाले, की अप्रगत मुलांची यादी मागवली जाते. खरी यादी पाठवू नका. खरी निघाली एकोणीस, तर 'वर्षभर केलं काय?' असा खुलासा तुम्हाला विचारतील. आपण जूनमध्ये रुजू झालो हे सांगून उपयोग नाही. शून्य पाठवलीत तर विस्तार अधिकारी जीप घेऊन खात्री करायला येतील. सात हा आकडा बरा. सातांत चार मुलं अशी घ्या, की ज्यांना मुळात वाचता येतं, फक्त पाहुण्यांसमोर लाजतात. ती सत्राअखेरच्या संकलित चाचणीपर्यंत हमखास प्रगत होतात. उरलेल्या तिघांचं पुढे बघू.

यादीमागून येते लिंक. लिंक आज दुपारी तीनला येते आणि आज दुपारी दोनपर्यंत भरायची असते. त्यात अध्ययन स्तर, कृती, कालावधी, फलनिष्पत्ती असे रकाने असतात. मग उपचारात्मक तासाचा फोटो, अक्षांश-रेखांशासह. मुलं गोलात बसवा, मध्ये अक्षरकार्ड पसरा, तुम्ही थोडं वाकून उभे राहा. हा तास चार मिनिटांत होतो आणि महिनाभर पुरतो. चार कोनांतून काढून ठेवा, शर्ट तेवढा बदला.

निधीचं म्हणाल तर तो आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10 हजार, 100 पर्यंत असेल तर 25 हजार. त्यातले दहा टक्के स्वच्छतेला. मग विजेचं बिल, खडू, झाडू, रंग, गळकी कौलं, नळाची तोटी. यातून जे वाचेल ते उपचारात्मक साहित्याला. आजवर वाचलेलं नाही, पण आपण आशावादी असावं. पैसे कमी पडले तर 'लोकसहभाग' हा शब्द कामी येतो. लोक म्हणजे सरपंच, सरपंच म्हणजे 'बघू गुरुजी', आणि सहभाग म्हणजे तुमचा खिसा.

घोषणांची तेवढी वानवा नाही. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्र 'प्रगत' करायला घेतला, 2021 पासून तो 'निपुण' होतोय, आणि 2025 मध्ये तर मुलांनी चावडीवर वाचून दाखवायचं ठरलं. पाचवीत कुणी नापास झालं तर जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांत फेरपरीक्षा. ते दोन महिने नेमके मे आणि जूनच्या आसपास पडतात. मार्गदर्शन कोण करणार, हे या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात आलंच आहे.

राहिले तिघे. त्यातला एक गणेश, चौथीतला. दिवाळी झाली की आई-बापाबरोबर कारखान्यावर जातो, ऊसतोडीला. त्याचं नाव हजेरीतून काढायचं नाही, पट घसरतो. आणि फेब्रुवारीअखेर शंभर टक्के मुलं प्रगत दाखवायची असतात, म्हणून त्यालाही प्रगत करा. सोपं आहे, तो समोर नसल्याने चुका करत नाही.

पाडव्याच्या पुढे-मागे तो परत येईल. हाताला पाचटाचे ओरखडे असतील. पुस्तक उघडेल, दिवाळीआधी ज्या 'स्वच्छ'च्या 'च्छ'वर बोट ठेवून थांबला होता तिथेच पुन्हा थांबेल, आणि तुमच्याकडे बघेल. यावेळी घाई करू नका. तो आता अप्रगत नाही. प्रगत मुलावर उपचारात्मक तास खर्ची पडला तर तक्ता जुळत नाही आणि आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांना वरिष्ठांच्या बैठकीत तुमच्या नावाने बोलणी खावी लागतात.

तरीही शिकवायचंच असेल, तर शाळा सुटल्यावर वर्गाचं दार लोटून घ्या. त्याला जवळ बसवा, 'च' आणि 'छ' सुटे सुटे लिहून दाखवा. फोटो तेवढा काढू नका.