टीबीच्या गोळ्या आणि लिव्हर: फॉरवर्डमधलं खरं किती?

नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा फॉरवर्ड थोडक्यात असा: टीबीच्या गोळ्यांनी लघवी लाल झाली म्हणजे लिव्हर सडायला लागलं. गोळ्या दिवसाआड घ्या, खोकला थांबला की बंद करा. कावीळ झालीच तर झाडपाल्याचं औषध घेऊन कोर्स रेटा.

लघवीचा रंग रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाचा. गोळीनंतर काही तासांत लघवी केशरी-लाल होते, घाम आणि अश्रूंनाही छटा येते. बिघडतं काय, तर फार तर कॉन्टॅक्ट लेन्सवर डाग.

लिव्हरचं मात्र सगळंच खोटं नाही, म्हणून तर मेसेज पटतो. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड या टीबीच्या तिन्ही औषधांनी लिव्हरला सूज येऊ शकते. दारू पिणाऱ्यांना धोका जास्त. पण त्याच्या खुणा वेगळ्या: अन्नावरची वासना उडणं, न थांबणाऱ्या उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे होणं. असं दिसलं की पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रक्ताची तपासणी होते, सूज उतरल्यावर औषधं एकेक करून पुन्हा सुरू करतात. म्हणजे जिथे थांबायचं नाही तिथे हा मेसेज थांबवतो आणि जिथे थांबायलाच हवं तिथे झाडपाल्याच्या भरवशावर गोळ्या चालू ठेवायला लावतो!

‘दिवसाआड’ कुठून आलं, तेही कळतं. जुन्या डॉट्समध्ये, म्हणजे कुणाच्या तरी देखरेखीखाली गोळ्या घ्यायच्या सरकारी पद्धतीत, आठवड्यातून तीनदा गोळ्या असत. 2017 पासून देशभर रोजचा डोस आहे, वजनाप्रमाणे. शेजारच्या काकांचा जुना अनुभव आज चालत नाही. खोकला थांबला तरी साध्या टीबीचा कोर्स 6 महिन्यांचा. मध्येच सोडला तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात.

पहाटे रिकाम्या पोटी गोळ्या गिळून ठाणे-वाशी लोकलमध्ये मळमळत असेल, तर डॉक्टरांना विचारून हलकं काही खाऊन घ्या. पायांना मुंग्या आल्या तर पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-6, देतात. नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा ओळखेना, तर इथॅम्ब्युटॉल हे टीबीचं चौथं औषध थांबवून लगेच दाखवा.

फॉरवर्डमध्ये नसलेली एक गोष्ट: रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. दुसरा उपाय कोर्सच्या सुरुवातीलाच विचारून घ्या.