बाज उचलणारे चौघे

परवा रविवारी आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासना संपल्यावर मंडळीतल्या एक काकू जवळ आल्या. डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बाळा, विश्वास धर, एक दिवस तू चालशील." काकूंच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लिहितोय.

अपघात झाला तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. पाऊस, मोटरसायकल, समोर उसाची ट्रॉली. मणक्याला मार लागला आणि कमरेखालचं सगळं गेलं. व्हीलचेअरवरून प्रयोगशाळेच्या ओट्यावर हात पुरेना, म्हणून विज्ञान सोडून इतिहास घेतला. आता एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे.

लोकांना वाटतं, याला चालता येत नाही एवढंच याचं दुःख. रोजची लढाई निराळीच असते. दर चार तासांनी कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून लघवी काढावी लागते. कॉलेजात व्हीलचेअर आत जाईल असं एकही स्वच्छतागृह नाही. म्हणून लेक्चरच्या दिवशी मी सकाळपासून पाणीच पीत नसे. मग लघवीत संसर्ग, हुडहुडी, ताप. शिवाय दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर भार देऊन अंग खुर्चीतून उचलावं लागतं. गेल्या वर्षी वाचण्याच्या नादात ते राहून जायचं. माकडहाडावर जखम झाली. मला खालचं काही कळत नाही. आईला चादरीवर डाग दिसला तेव्हा समजलं. दोन महिने पालथा पडून होतो. छातीखाली उशी, समोर पुस्तक, आणि मान अवघडली की आई वाचून दाखवायची. सातवी शिकलेल्या माझ्या आईने मला फ्रेंच राज्यक्रांती वाचून दाखवली आहे.

त्याच वर्षी एका चंगाई सभेला, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून भरणाऱ्या प्रार्थनासभेला, मला नेलं. दोघांनी काखेत हात घालून उभं केलं आणि सोडलं. मी पडलो. "विश्वास कमी पडला," असं माईकवरून सांगितलं गेलं. खरचटलं ते आठवड्यात बरं झालं, ते वाक्य मात्र अजून बरं झालेलं नाही.

बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय मी त्यानंतर कितीदा वाचला असेल! कफर्णहूमला येशू एका घरात होता. पक्षाघाती माणसाला चौघांनी बाजेवर उचलून आणलं. गर्दीमुळे दारातून शिरता येईना, तेव्हा त्यांनी छप्पर उसकलं आणि बाज खाली सोडली. शास्त्र म्हणतं, येशूने "त्यांचा विश्वास" पाहिला. बाजेवरच्या माणसाचा विश्वास केवढा होता, हे तिथे कुणी मोजलेलं नाही. आणि त्या चौघांनी "तू आधी बरा हो, मग आत ये" असं म्हटलं नाही. आडवं येत होतं ते घर, म्हणून त्यांनी घराला हात घातला.

हो, तो माणूस उठून बाज घेऊन चालत गेला. मी गेलो नाही. येशूचा प्रेषित पौल यानेही, शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं होतं. त्याला उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे आहे." काटा राहिला. मी त्या उत्तरावर जगतो. जखमेच्या त्या दोन महिन्यांत पहाटे तीन वाजता प्रभू माझ्याजवळ होता, हे मी कुणाहीपुढे शपथेवर सांगेन.

गेल्या परीक्षेला माझा नंबर दुसऱ्या मजल्यावर आला. दिव्यांगांची परीक्षा शक्यतो तळमजल्यावर घ्यावी, तीन तासांच्या पेपरला किमान एक तास जादा द्यावा, हे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा तर आहेच. तास मिळाला, तळमजला नाही. मला खुर्चीसकट वर नेलं चौघांनी: दोघे आमच्या तरुण संघातले, दोघे वर्गातले. त्यांतला एक शुक्रवारी नमाजाला जातो. "त्यांचा विश्वास" वाचताना मला हे चौघेच दिसतात. तरी सांगतो, जिने चढताना माझा जीव त्यांच्या हातांत असतो, एकाचा पाय घसरला तर काय, या भीतीत पेपरचं अर्धं पाठांतर उडतं. त्यांच्या प्रेमावर संस्थेने आपलं काम ढकलू नये.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉ. मेरी वर्गीस मला फार जवळच्या वाटतात. १९५४ मध्ये अपघातात मणक्याला मार लागून त्यांचे पाय लुळे पडले. त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचं होतं. त्यांनी व्हीलचेअरवर बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, पुढे न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनाचं शास्त्र शिकल्या आणि परत येऊन वेल्लोरला माझ्यासारख्यांसाठी ते काम उभं केलं. त्यांची व्हीलचेअर शेवटपर्यंत सुटली नाही. त्यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

पुढच्या परीक्षेसाठी तळमजल्याचा अर्ज दिलाय. उत्तर आलेलं नाही. चौघांनी तारखा लिहून घेतल्यात.

काकू, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहितो. प्रार्थना करत राहा, मला ती हवी आहे. आपल्या देवळाला तीन पायऱ्या आहेत. त्यांच्या बाजूने सिमेंटचा उतार करायला शनिवारी सकाळी तरुण संघ जमतोय. पाळकसाहेबांनी वाळू आणून टाकली आहे. तुम्हीही या.