मरी ते मार्ला

बाबांनी एसटीच्या आगारात तेहतीस वर्षं मेकॅनिकी केली. त्यामुळे गाडीत बसले की लोक खिडकीबाहेर बघतात, बाबा कान देतात. अ‍ॅडलेडला आमच्याकडे आल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या गाडीला 'मुकी' ठरवलं. काहीच वाजत नाही म्हणजे काय!

"जरा आत फिरून येऊ" असं मीच म्हणालो होतो. ऑस्ट्रेलियात 'आत' हा शब्द जपून वापरावा. जवळजवळ सातशे किलोमीटर तुडवल्यावर मरी नावाचं गाव आलं आणि कळलं की 'आत' इथून सुरू होतं. पुढे उडनाडाटा ट्रॅक, ६२० किलोमीटर, सगळा कच्चा. शेवटचं गाव मार्ला.

"मरीत सुरू आणि मार्लात शेवट," आई म्हणाली. "निघायच्या आधी गावांची नावं तरी वाचायची होतीस." आणि तिने मरीआईला मनातल्या मनात नारळ कबूल केला.

या रस्त्यावर खड्डे नाहीत. खड्ड्याचं एक बरं असतं, तो येतो आणि जातो. इथे चाकांच्या उड्यांनी सगळ्या रस्त्याला आडव्या लाटा पडलेल्या असतात, पन्हळी पत्रा अंथरावा तशा. हळू गेलं तर प्रत्येक लाट मणक्यात मोजता येते. ऐंशीच्या पुढे चाकं लाटांच्या माथ्यावरून तरंगतात, पण मग स्टिअरिंग फक्त शोभेपुरतं उरतं. बाबांनी उतरून चारी टायरांतली हवा थोडी काढायला लावली. गाडी सुधारली. बोलणं मात्र सुधारलं नाही. प्रत्येक शब्दाला तीन-तीन कंप.

"आ-आ-आवाज येतोय," बाबा समाधानाने म्हणाले. "टक्-टक्. मागून, डावीकडून. शॉकअपचा बुश."

थांबलो. बाबा गाडीखाली गेले, माश्या बाबांवर गेल्या. इथल्या माशीला अन्न नको असतं, तिला तुमच्या डोळ्यातलं पाणी हवं असतं. या वाळवंटात दुसरं आहेच काय, तिचंही खरंच आहे. तोंडासमोरून सतत हात हलवायच्या या सवयीला लोक 'ऑस्ट्रेलियन सलाम' म्हणतात. बाबांचे दोन्ही हात पान्यात अडकलेले, त्यामुळे सलाम त्यांच्या वतीने मी करत होतो. बुश ठणठणीत निघाला. पुढे निघालो. टक्-टक्.

वाटेत दोन विमानं शेपटीवर उभी करून ठेवलेली दिसली. कुणा कलावंताचं काम आहे. "एवढी जागा पडलीय आणि उभं पार्किंग?" बाबा म्हणाले. मग आयर सरोवराचा दक्षिण भाग आला. समुद्रसपाटीच्याही खाली, क्षितिजापर्यंत पांढरं मीठ. आई बराच वेळ बघत उभी राहिली. "आणि आपण अर्धा किलो विकत घेऊन आलो," एवढंच म्हणाली.

त्या मिठावरून आठवून जेवणाचा डबा उघडला. कंपनांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण आपोआप फिरून सुटलं होतं. बेसनाचे लाडू पुन्हा बेसन झाले होते. त्या बेसनात कैरीचा खार मुरला होता आणि वरून बारीक लाल धूळ, जी बंद काचा, बंद डबे आणि बंद तोंडं यांतल्या कशालाच जुमानत नाही. आम्ही ते खाल्लं. आमटीला फोडणी कमी पडली तर उठून जाणारे बाबा बोटं चाटत होते.

रस्त्याला सोबत जुन्या घान रेल्वेची. १९८० साली ती इथून उठली, पण स्टेशनांचे दगडी सांगाडे आणि पाण्याच्या टाक्या उभ्या आहेत. जमिनीतून वर येणाऱ्या झऱ्यांमागे आधी तारायंत्राची लाइन गेली, तिच्यामागे रूळ, आता रुळांमागे आम्ही. विल्यम क्रीक हे डझनभर वस्तीचं गाव. त्याच्या भोवती अ‍ॅना क्रीक नावाचा गुरांचा मळा, त्यात चार गोवे सहज मावतील. "एवढ्यात शेण कोण गोळा करतं?" आईचा प्रश्न. मला सुचलं नाही.

दर तासा-दीड तासाने समोरून एखादी गाडी यायची आणि चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा. बाबा हरखले. "एसटीचे ड्रायव्हर असंच करतात बघ!" त्यानंतर त्यांनी प्रत्येक गाडीला पूर्ण हात वर केला. एकदा बंद पडलेल्या, दरवाजे नसलेल्या सांगाड्यालाही.

उडनाडाटाला, जिथे १९६० साली पारा ५०.७ वर गेला होता, त्या गुलाबी रोडहाउसवर पेट्रोल भरलं. तिथे दुसऱ्यांदा गाडीखाली. बाबांचं निदान बदललं: पाट्याचा नट. नट घट्ट होता. टक्-टक्.

मार्लाला डांबरी हमरस्ता लागला. कंप थांबले, कान मोकळे झाले आणि त्या शांततेत तो आवाज स्पष्ट ऐकू आला. मागून, डावीकडून. टक्. बाबांनी मला थांबवलं, डिकी उघडली आणि आईची पिशवी उचलली. पिशवीत खलबत्ता. खल चादरीत घट्ट गुंडाळलेला, बत्ता मोकळा.

"कोल्हापूरहून आणलास?"

"मग चहाला आलं काय दाताने कुटणार होते?"

"अगं, सहाशे वीस किलोमीटर आम्ही गाडीखाली..."

"मला कुणी विचारलं?"

बाबांनी बत्ता हातात घेतला, डावीकडून-उजवीकडून वाजवून पाहिला आणि माझ्याकडे वळले. "तरी तो बुश एकदा दाखवून घे."