सँडविच खाल्लं म्हणून हक्क बुडत नाही

परवा आमचे काका-काकी मुलीकडे हैदराबादला निघाले होते. रात्रीचं विमान गोव्याच्या मोपा विमानतळावर बसल्याजागी रद्द झालं. काका शुगरचे, रात्रीची गोळी घेऊन बसलेले. काउंटरवरच्या मुलीने सँडविच-ज्यूसचं कुपन दोनदा पुढे केलं, काकांनी दोनदा नको म्हटलं. हॉटेलची गाडीही परत पाठवली. "खाल्लें जाल्यार पयशे मेळचे नात," म्हणजे खाल्लं तर भरपाईचे पैसे मिळणार नाहीत, असं मला फोनवर ठासून सांगत होते. मध्यरात्रीनंतर हात थरथरायला लागले, तेव्हा काकींच्या पर्समध्ये प्रसादाचा पेढा निघाला म्हणून निभावलं.

हे शहाणपण आलं सप्ताह मंडळाच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजमधून. विमान रद्द झालं की सरसकट 20,000 रुपये भरपाई. कंपनीचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, घेतलं तर तडजोड झाली असं धरतात. दुसऱ्या विमानात बसलात तर पैसे बुडाले. पावसात काहीच नाही. एजंटचं तिकीट असेल तर कंपनी हात वर करते. शेवटी 'सर्वांना पाठवा' आणि जोडलेले हात.

खाण्याचा मुद्दा आधी, कारण त्यानेच माणूस आडवा व्हायची वेळ आली. डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, नियमावली आहे, विभाग 3, मालिका एम, भाग 4. कुणालाही वाचता येते. त्यात रद्द विमानासाठी विमानतळावर येऊन बसलेल्या प्रवाशाला दुसरं विमान मिळेपर्यंत खाणंपिणं फुकट द्यायचं, गरज पडली तर हॉटेल आणि तिथवर नेणं-आणणंही, हे कंपनीचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. सँडविच खाल्लेल्याची भरपाई कापा, असं त्यात कुठेही नाही. कुणी कागदावर सही मागितली तर तो कागद जरूर वाचा. पण सँडविचवर सही लागत नाही हो!

20,000 चा आकडा कुठून उचलला तेही कळतं. पक्कं तिकीट हातात असून, जास्त तिकिटं विकल्यामुळे ज्याला विमानात घेतलं नाही आणि पुढचं विमान 24 तासांत दिलं नाही, त्याच्यासाठीची ती कमाल मर्यादा आहे. विमान रद्द झालं तर हिशेब वेगळा. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000, दोन तासांपर्यंत 7,500, त्यापुढे 10,000, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. स्वस्तातलं तिकीट असेल तर भरपाईही तेवढीच. शिवाय दोन आठवडे आधी कळवून परतावा किंवा दुसरं विमान दिलं असेल, तर तीही नाही.

दुसऱ्या विमानाबद्दल मात्र, नाइलाजाने का होईना, मेसेजला अर्धे मार्क द्यावे लागतात. नियमाची भाषा अशी आहे: एकतर प्रवाशाला मान्य असं दुसरं विमान, नाहीतर पूर्ण परतावा आणि वर भरपाई. 'प्रवाशाला मान्य' हे शब्द मेसेजवाल्याने गाळले. काका सकाळच्या विमानाने आनंदाने गेले. म्हणजे जे पैसे तसेही मिळायचे नव्हते, त्यांच्यासाठी रात्रभर उपास!

पावसाचं तसंच. हवामानामुळे रद्द झालं तर भरपाई नाही, खरं आहे. पण म्हणून तिकिटाचे पैसे कंपनीच्या खिशात राहत नाहीत. एजंटकडून काढलेल्या तिकिटाचा परतावाही कंपनीचीच जबाबदारी.

एजंटचा खरा घोळ वेगळाच आहे, आणि नेमका तोच मेसेजमध्ये नाही. बुकिंग करताना प्रवाशाने संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल, तर कंपनी भरपाईतून सुटते. काकांचं तिकीट काढून बघितलं. मोबाइल नंबर म्हापशाच्या एजंटचा, ईमेलही त्याचाच. उद्या कंपनीने आदल्या दिवशी मेसेज पाठवला तर तो एजंटच्या फोनवर वाजणार, आणि काका इकडे बॅग भरत बसणार. परतीच्या तिकिटावरही तोच नंबर होता. काल एजंटला तीन फोन केले, तेव्हा कुठे काकांचा नंबर चढला.