गारगोटीच्या पाण्याने मुतखडा विरघळत नाही

परवा शिरपूरला मावशीकडे गेलो, तर पाण्याच्या तांब्यात गारगोटी पडलेली. विहीर खोदताना निघालेल्या ढिगाऱ्यातली, पांढरट-गुलाबी, चकाकणारी. रात्रभर भिजवायची आणि सकाळी अनशापोटी ते पाणी प्यायचं, असं आठवडाभर चाललं होतं. मावशीला आठ मिलिमीटरचा मुतखडा आहे. "आते गोया बंद," म्हणजे आता गोळ्या बंद, असं म्हणून तिने मोबाइल माझ्यापुढे धरला.

'खान्देशच्या दगडांचं लपवलेलं रहस्य' हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्यात चार गोष्टी आहेत. खडक जिवंत असतो, म्हणून शेतात दरवर्षी दगड वाढतात. खडक एकदा घडला की कायम तसाच राहतो, शाळेतले खडकांचे तीन प्रकार (अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित) आणि त्यांचं एकमेकांत बदलणं खोटं. धुळे-नंदुरबारकडच्या लांबच लांब दगडी भिंती म्हणजे प्राचीन लोकांची तटबंदी. आणि शेवटी, गारगोटीत 'पृथ्वीची ऊर्जा' असते, तिचं पाणी प्या किंवा तिची पूड मधातून घ्या, मुतखडा विरघळतो. पहिल्या दोन गोष्टी एकमेकींनाच खोटं पाडतात. खडक वाढत असेल तर तो कायम तसाच कसा राहील? फॉरवर्ड करणाऱ्या एकालाही हा प्रश्न पडला नाही.

शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण त्यात माणसाचा जीव जाऊ शकतो.

आपल्या विहिरींत सापडणाऱ्या या गारगोट्या बरेचदा झिओलाइट नावाच्या खनिजांच्या गटातल्या असतात. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि खडकात पोकळ्या राहतात. पुढे त्या पोकळ्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपतं आणि त्यातून हे स्फटिक जमतात. घटक साधेच असतात: कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिका आणि स्वतःत धरून ठेवलेलं पाणी. आता विचार करा, जो दगड जमिनीत पाणी झिरपत असताना इतका प्रचंड काळ टिकला, तो तांब्यात एका रात्रीत काय सोडणार? आणि सोडलंच, तर त्यातलं कॅल्शियम पोटात जाणार. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात, ते कॅल्शियमने विरघळत नाहीत.

इथे एक अर्धसत्य मला मान्य करावं लागतं. झिओलाइट पाण्यातलं कॅल्शियम पकडून सोडियम सोडू शकतं. म्हणून ते कपड्यांच्या पावडरीत आणि जड पाणी मऊ करायला वापरतात. पण तिथे ते त्या कामासाठी तयार केलेलं असतं. तांब्यातल्या अख्ख्या गोट्याने पाण्यात फारसा फरक पडत नाही, आणि मूत्रपिंडात घट्ट बसलेल्या खड्याशी तर त्याचा काहीच संबंध नाही. मग 'आमच्या काकांचा खडा पडला' असं सांगणारे भेटतात, त्याचं काय? पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बरेचदा आपोआप पडतात, आणि भरपूर पाणी प्यायल्याने त्याला मदत होते. जळगाव-भुसावळच्या उन्हात ज्याने पाणी वाढवलं त्याला फायदा झाला, आणि श्रेय दगडाला मिळालं.

पुडीचा सल्ला तर याहून वाईट. झिओलाइटच्या कुटुंबात एरिओनाइट नावाचं तंतुमय खनिज आहे. तुर्कस्तानातल्या कापादोकिया भागात काही गावांमध्ये त्याची धूळ श्वासातून जाऊन लोकांना फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर झाला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ते माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. तुमच्या विहिरीतला दगड एरिओनाइटच आहे असं मी म्हणत नाही. पण घरातल्या खलबत्त्यात दगड कुटणाऱ्या बाईला तो कोणता हे कोण सांगणार? खडा मूत्रनलिकेत अडकून मागे मूत्रपिंड सुजू लागलं आणि त्यात थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. त्या वेळी गोळ्या बंद करून तांब्याकडे बघत बसलेला माणूस मूत्रपिंड गमावू शकतो.

आता भिंती. नंदुरबार-धुळे पट्ट्यात फिरलेल्या माणसाला त्या पाहून बांधकाम वाटावं, यात त्याचा दोष नाही. चिरे एकावर एक रचल्यासारखेच दिसतात. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. जमिनीला उभी चीर पडली, खालून तप्त रस त्यात घुसला आणि तिथेच गोठला. गोठताना तो आकसतो आणि त्याला दोन्ही बाजूंच्या थंड खडकापासून आतल्या दिशेने, म्हणजे आडव्या, भेगा पडतात. चिऱ्यांचा भास होतो तो त्या भेगांमुळे. आजूबाजूचा नरम खडक झिजून गेला आणि कठीण डाइक भिंतीसारखा उभा राहिला.

आयआयटी मुंबईचे भूशास्त्रज्ञ हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सगळा पट्टा तपासून २००७ साली 'बुलेटिन ऑफ व्होल्कॅनॉलॉजी' या संशोधन-नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत. सुमारे १४,५०० चौरस किलोमीटरमध्ये एक किलोमीटरहून लांब असे २१० डाइक आहेत. सगळ्यांत लांब ७९ किलोमीटरचा, जाडी ३ ते ६२ मीटर, जवळजवळ सगळे उभे आणि बहुतेक पूर्व-पश्चिम. बासष्ट मीटर जाडीची भिंत कोणी कशासाठी बांधेल? स्वतः बघायचं असेल तर भिंग घेऊन जा. डाइकची कड लवकर थंड झालेली असते, म्हणून तिथले कण बारीक असतात आणि मधले जाड. चिरे कुठून आणून रचले असते तर कडेकडून मध्याकडे अशी चढती जाडी दिसली नसती.

शेतात दगड वाढतात, हे मात्र आपल्या बापजाद्यांनी खरंच पाहिलेलं आहे. आज वेचलेल्या रानात दोन-तीन वर्षांत पुन्हा दगड दिसतात. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या उघड-झाकीत खालचे दगड हळूहळू वर ढकलले जातात. त्यात नांगर त्यांना उपटतो आणि पाऊस बारीक माती वाहून नेतो. दगड वर येतो, वाढत नाही. स्फटिक वाढतात हे खरं, पण ते मिठाच्या पाण्यात मीठ जमतं तसे. जिवंतपणाशी त्याचा संबंध नाही.

आणि खडक बदलत नाही, हे खान्देशात राहून म्हणणं कमालच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण झिजून मुरूम होतो आणि मुरुमाची काळी माती होते. विहीर खोदणाऱ्या कोणत्याही मजुराला विचारा, तो हे तिन्ही थर हात लावून दाखवेल. दोन काळ्या थरांमध्ये तांबडा पट्टा लागतो, तो जुन्या लाव्ह्याचा झिजलेला माथा. त्यावर नवा लाव्हा आला आणि तो खाली गाडला गेला. रावेर-यावलची केळी ज्या गाळावर उभी आहे तो तापीने आणि सातपुड्यातून येणाऱ्या नद्यांनी आणून टाकलेला. तो खोल गाडला गेला, दाबला गेला, तर त्याचा स्तरित खडक होईल. देवघरातला संगमरवर हा दाब आणि उष्णतेने बदललेला चुनखडक आहे.

मावशीला भिंती-बिंतींशी काही घेणं नव्हतं. तिचा एकच प्रश्न होता, "मग पाणी पिवानंच नही का?" पाणी पी मावशी, दुप्पट पी, पण दगड बाहेर काढून. ती गारगोटी मी धुऊन तिच्या खिडकीत ठेवली आहे, दिसायला ती सुंदरच आहे. गोळ्या त्याच रात्री पुन्हा सुरू झाल्या आणि बुधवारी सोनोग्राफी आहे. ज्या भाच्याने तो मेसेज तिला पाठवला, त्याला मी हे सगळं पाठवलं आहे. त्याने तो आणखी ज्या ग्रुपांवर टाकला होता, तिथेही हे टाकायला सांगितलं आहे.