पॉवर स्टेशनवरची ती फॉइल आजच काढा

गेल्या रविवारी भोर तालुक्यात मामांकडे गेलो होतो. माजघरात शिरलो तर कोपऱ्यात एक चंदेरी गाठोडं दिसलं. ते त्यांचं पॉवर स्टेशन होतं, म्हणजे वीज गेल्यावर घरातली उपकरणं चालवणारी मोठ्या बॅटरीची पेटी. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचे तीन थर, वरून खाकी टेप, आणि प्लग खुपसायला दोन भोकं. आतला पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता आणि फॉइल त्याच्या जाळीला चिकटून थरथरत होती. वर हात ठेवला तर ठेववेना. शेजारच्या ट्रान्झिस्टरवर ७९२ किलोहर्ट्झला आकाशवाणी पुणे लागलं होतं आणि त्यावर खर्रर्र चालूच होती.

"मेसेजमध्ये लिहिलंय तसंच केलंय रे," मामा म्हणाले. "पण खरखर काही जात नाही. अजून एक थर देऊ का?"

तो मेसेज मलाही तीन ग्रुपांवरून आला होता आणि मी तो न वाचता पुढे सरकलो होतो. ती माझी चूक. त्याचा मजकूर थोडक्यात असा: पॉवर स्टेशन चालू केल्यावर रेडिओ खरखरतो, ते बॅटरीतून गळणारं रेडिएशन आहे, ते अडवायला सगळं यंत्र फॉइलने घट्ट गुंडाळा, प्लगची अर्थ पिन काढून टाका, यंत्र प्युअर साइन वेव्ह असेल तर खरखर येऊच शकत नाही, आली तर ते नकली, सोलर पॅनेल जोडलं की आवाज जातो, कारण सूर्याची वीज शुद्ध असते, आणि फेराइटच्या रिंगा (खरखर कमी करायला वायरीवर घालतात त्या काळ्या कड्या) म्हणजे साधे लोहचुंबक, पैसे उकळायचा धंदा.

मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक आहे. खरखर कुठून येते हे शोधण्यात माझे कितीतरी रविवार गेलेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो, आणि सगळ्यात घातक आहे त्यापासून सुरुवात करतो.

फॉइल. या यंत्रात बॅटरीची वीज आधी साडेतीनशे-चारशे व्होल्टच्या आसपास चढवली जाते आणि मग तिच्यापासून घरातल्यासारखी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज बनते. या उलाढालीत साधारण दहावा हिस्सा उष्णता होऊन जातो. ५०० वॅटचा भार असेल तर ५०-६० वॅट, म्हणजे आत एक मोठी सोल्डरिंग इस्त्री सतत तापत ठेवल्यासारखं. ती उष्णता बाहेर काढायलाच पंखा आणि जाळ्या असतात, आणि मेसेज म्हणतो त्याच झाका. वर फॉइल ही वीजवाहक. टेप सुटून तिचा एक तुकडा डीसी सॉकेटमध्ये शिरला तर शॉर्ट. लिथियम बॅटरी, बंद जाळ्या, शेजारी गोधड्यांचा ढीग. मामांच्या यंत्राच्या पडद्यावर तापमानाची खूण लुकलुकत होती. फॉइलखाली ती कुणाला दिसणार होती?

आणि एवढं करून उपयोग शून्य. घरातली फॉइल १० ते १८ मायक्रॉनची असते. ७९२ किलोहर्ट्झचा प्रवाह अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे ९० मायक्रॉन खोल शिरतो, त्या मानाने ही फॉइल फारच पातळ. पण जाडी ही नंतरची गोष्ट. खरखर बाहेर पडते ती मुख्यतः वायरींवरून. एक्स्टेन्शन बोर्डाची वायर, सोलरच्या तारा, चार्जरची केबल, या सगळ्या अँटेनाचं काम करतात, आणि त्या तर गाठोड्याच्या बाहेरच असतात. धातूच्या आवरणाने व्यत्यय अडतो हे अर्धसत्य आहे, ते मान्य करतो. कारखान्यात तशी पेटी करतात, पण आतून निघणारी प्रत्येक वायर तिथे फिल्टरमधून बाहेर काढतात आणि हवा जायला जागा ठेवतात. टेप लावून ते जमत नाही.

आता 'बॅटरीतून गळणारं रेडिएशन'. हे तपासायला एक मिनिट लागतं. ट्रान्झिस्टर त्याच्या स्वतःच्या सेलवर लावा आणि पॉवर स्टेशन मुख्य बटणाने पूर्ण बंद करा. खरखर थांबते. बॅटरी मात्र तशीच भरलेली असते. गळती बॅटरीची असती तर बटणाने थांबली नसती. आवाज करतात ते आतले इलेक्ट्रॉनिक स्विच. वीज चढवता-उतरवताना ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि त्यांच्या वेगाच्या पटींवर आवाज उमटतो. समजा वेग ६६ किलोहर्ट्झ आहे. त्याची बारावी पट ७९२, म्हणजे नेमकं पुणे केंद्र. मध्यम लहरींवर आवाजाची माहिती लहरीच्या उंचीत असते आणि ही खरखर त्या उंचीतच मिसळते, म्हणून ती इतकी ऐकू येते. एफएमवर सहसा तेवढी येत नाही. रेडिओ अतिशय क्षीण लहरी पकडतो, तेच त्याचं काम. त्याला ऐकू आलं म्हणजे माणसाला अपाय झाला असं होत नाही. मामी आठवडाभर त्या खोलीत झोपायला घाबरत होत्या, याचा मला जास्त राग आहे.

अर्थ पिन कापू नका. हे मी हात जोडून सांगतो. पिन काढल्यावर आवाज थोडा बदलतो, कधी कमीही होतो, म्हणून लोकांना ते खरं वाटतं. पण वीज परत आली की तोच कापलेला प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्ये जातो. मग फ्रिजच्या किंवा गिझरच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीत जायची वाट राहत नाही. ओल्या पायाने हात लावणारं माणूस तीच वाट होतं.

साइन वेव्ह आणि सूर्य यांना फार वेळ देत नाही. प्युअर साइन वेव्ह म्हणजे ५० हर्ट्झच्या लाटेचा आकार गोल. लाखो हर्ट्झवर काय चाललंय त्याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि ती गोल लाटही त्या भराभर उघडझाप करणाऱ्या स्विचांनीच घडवलेली असते. स्वस्त यंत्रांत फिल्टरवर पैसे वाचवतात, एवढं खरं. सोलरचं तर उलट आहे. पॅनेल जोडलं की चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीत भरणारा भाग, हा आणखी एक स्विच सुरू होतो, आणि छपरापर्यंत गेलेली दहा मीटर तार ही ७ मेगाहर्ट्झला जवळजवळ पाव लहरीची अँटेना होते. माझ्या ४० मीटर पट्ट्यावर, म्हणजे हॅम वापरतात त्या याच ७ मेगाहर्ट्झच्या लहरींवर, तर भर दुपारी काहीच ऐकू येईना.

राहिला फेराइट. ज्याने त्याला लोहचुंबक म्हटलंय त्याने आपल्याच ट्रान्झिस्टरचं मागचं झाकण उघडावं. तांब्याची बारीक तार गुंडाळलेली काळी कांडी दिसेल. ती फेराइटची आहे आणि तीच मध्यम लहरींची अँटेना आहे. ती टाचणीसुद्धा उचलत नाही. रिंगेतला फेराइट त्याच कुळातला. वायरीवरून सगळ्या तारांत एकाच दिशेने धावणारा व्यत्ययाचा प्रवाह तो रोखतो. आतल्या कामाच्या विजेला, जी एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते, तिला अडवत नाही.

'रिंग लावली, काही झालं नाही' असं सांगणारे लोक मात्र खोटं बोलत नाहीत. बाजारातली चिमट्यासारखी रिंग वायरीवर एकदा अडकवली तर मध्यम लहरींवर फरक जवळजवळ पडतच नाही. अमेरिकेतले जिम ब्राउन, हॅम जगतातलं त्यांचं संकेतनाव के९वायसी, यांची फेराइटवरची मार्गदर्शिका कुणालाही मोफत वाचता येते. आम्ही त्यातूनच शिकलो. त्यांचा मुख्य मुद्दा वेढ्यांचा आहे: अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. एका वेढ्याला जेवढा, त्याच्या साधारण ४९ पट सात वेढ्यांना. शिवाय फेराइट ज्या मिश्रणाचं बनतं ते योग्य हवं, त्याला क्रमांक असतात. खालच्या लहरींसाठी ३१ क्रमांकाचं चालतं, ६१ चं नाही. आणि वारंवारता जितकी खाली, तितके वेढे जास्त.

मामांकडे मी आधी फॉइल सोलली आणि यंत्र भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. मग एकेक बटण बंद करत गेलो. एसीचं बटण बंद केल्यावर खरखर अर्ध्यावर आली. सोलरची तार काढली तर उरलेलीही जवळजवळ गेली. म्हणजे चोर दोन. एक्स्टेन्शनची वायर मोठ्या रिंगेतून १३ वेळा काढली, रिंग पॉवर स्टेशनला अगदी लगटून ठेवली. ट्रान्झिस्टर पलीकडच्या खोलीत खिडकीशी नेला आणि हळूहळू फिरवला. त्या कांडीचं टोक आवाजाच्या उगमाकडे झालं की खरखर दबते. मामांनी ती जागा स्वतः शोधली आणि खिडकीच्या फळीवर खडूने रेघ मारून ठेवली. संध्याकाळच्या बातम्या त्यांनी डोळे मिटून ऐकल्या.

सोलरच्या तारांना रिंग घालणार असाल तर धन आणि ऋण दोन्ही तारा एकत्र धरून एकाच दिशेने गुंडाळा. एकच तार घातली तर तिच्यातल्या डीसी प्रवाहाने फेराइट गच्च भरून जातं आणि निकामी ठरतं. आम्हाला त्या दिवशी ते करता आलं नाही, कारण रिंग एकच होती. दिवसा पॅनेल जोडलेलं असताना ७.१ मेगाहर्ट्झवर अजून घूं येते. दुसरी रिंग आणली आहे, येत्या रविवारी बसवायची आहे.