भांडण असलेलं पुस्तक दाखवा

हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला एकच पात्रता लागते: वार्षिक सभेला उशिरा पोचणे. मी पोचलो तेव्हा माझ्या नावाचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होऊन लोक वडापावाकडे वळले होते. त्यानंतर माझं ब्लडप्रेशर आणि सोसायटीचा सिंकिंग फंड यांच्यात चढाओढ लागली आणि फंड हरला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि तिच्याखाली ‘राग कमी करा’ असंही लिहिलं. मेडिकलवाल्याने गोळी दिली. खालच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “हे आपल्याकडे नाही.”

“दादा, तू वाच काहीतरी,” धाकटी बहीण म्हणाली. “करुणेबद्दल. मैत्रीबद्दल. बुद्धाचं वगैरे.”

त्या ‘वगैरे’ने घात केला. पुस्तकांच्या एसी असलेल्या मोठ्या दुकानात गेलो आणि काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, करुणेवर काही आहे का? त्याने कॉम्प्युटरवर टाइप केलं आणि मान वर न करता विचारलं, “करुणा आडनाव काय?” मी म्हटलं, लेखिका नाही, विषय आहे. “विषयावरून सापडत नाही सर. तिकडे अध्यात्माचं कपाट आहे, बघून घ्या.”

कपाट दिलदार होतं. वास्तुशास्त्र, मधुमेहावर मात, तुमचा शुभ अंक, आणि त्यांच्या शेजारी बुद्ध. बुद्धांची बहुतेक पुस्तकं एकाच मुखपृष्ठाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वाटत होत्या. समुद्रकिनारा, मावळता सूर्य आणि एकावर एक रचलेले गुळगुळीत दगड. आयुष्यभर गंगेच्या खोऱ्यात पायी हिंडलेल्या माणसाला समुद्रकिनारी दगड रचताना कोणी पाहिलं कोण जाणे. आत पानापानावर चार ओळी आणि बाकी शांतता, तिचेही पैसे लावलेले.

ती पुस्तकं मी उभ्याउभ्या बरीच वाचली. त्यांत ‘समोरच्याला क्षमा करा’ असं पुन्हा पुन्हा सांगितलेलं असतं. हा ‘समोरचा’ फार गुणी माणूस आहे. त्याला नाव नाही, फ्लॅट नंबर नाही. तो दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये स्कूटर आडवी लावत नाही. टाकी भरून वाहत असताना ‘पाणी येत नाही’ असा अर्ज तीन प्रतींत देत नाही. असल्या माणसाला क्षमा करायला मला पुस्तक कशाला हवं? मला ३०२ मधल्या काकांना क्षमा करायची होती, आणि ते कुठल्याच अनुक्रमणिकेत नव्हते.

ऑफिसातल्या मित्राला हे सांगितलं. तो आंबेडकरी घरातला, वाचणारा. त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, “सहा डिसेंबरला दादरला ये. शिवाजी पार्कात. पाण्याची बाटली आण, चपला जुन्या घाल आणि एसीची अपेक्षा ठेवू नकोस.”

आयुष्य डोंबिवली-दादर करण्यात गेलं, पण त्या दिवशी ‘गर्दी असते’ म्हणून दादर टाळणाऱ्यांतलाच मी. गर्दी होतीच. चैत्यभूमीच्या दर्शनाची रांग कुठे सुरू होते ते दिसत नव्हतं, आणि मैदानात स्टॉलच स्टॉल. पुस्तकांचा एवढा बाजार मी साहित्य संमेलनातही पाहिला नाही, आणि संमेलनात लोक पुस्तकं चाळतात, इथे विकत घेत होते. रात्रीच्या गाडीने जमिनीवर बसून आलेली माणसं पिशवीत चपात्यांच्या शेजारी पुस्तकं भरत होती. बाबासाहेबांचं ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ढिगाने. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या हयातीत निघालाच नाही; ते १९५६ च्या डिसेंबरात गेले, पुस्तक १९५७ मध्ये आलं. मित्र म्हणाला, “आणि त्यांना बुद्ध पहिल्यांदा भेटले ते मराठीत. शाळकरी वयात केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हातात ठेवलं होतं.” मला शाळेत बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली होती. असो.

एका स्टॉलवर मी धम्मपदाच्या गोष्टींचं एक पातळ पुस्तक उचललं, तेवढ्यात कोपराला कोणीतरी हात लावला. पांढऱ्या लुगड्यातल्या एक आजी. “चष्मा गाडीत राहिला, बाबा. काय लिवलंय त्यात?” मी जरासं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “मोठ्यानं वाच.”

गोष्ट कोसंबी नगरीतल्या भिक्खूंची होती. दोन विद्वान भिक्खू, एक धम्म सांगणारा, एक विनयाचे, म्हणजे भिक्खूंच्या वागणुकीचे, नियम कोळून प्यालेला. धम्मवाल्याने एकदा शौचालयातल्या भांड्यात उरलेलं पाणी तसंच ठेवलं. नियमवाला म्हणाला, हा दोष आहे. धम्मवाला म्हणाला, असं का, मग मी दोष कबूल करतो. नियमवाला म्हणाला, मुद्दाम केलं नसेल तर दोष नाही. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण नियमवाल्याने जाऊन आपल्या शिष्यांना सांगितलं की त्या माणसाला आपला दोषही कळत नाही. त्या शिष्यांनी ते धम्मवाल्याच्या शिष्यांना सांगितलं. धम्मवाला भडकला: आधी दोष नाही म्हणतो, आता आहे म्हणतो, खोटारडा! झालं. संघात उभी फूट. समजूत घालायला साक्षात बुद्ध आले, तर भिक्खू म्हणाले, भगवान, आपण निवांत राहावं, आमचं आम्ही बघून घेऊ.

मी वाचायचा थांबलो. शौचालय, पाणी, नियम, आणि ‘आमचं आम्ही बघून घेऊ’. आमच्या सोसायटीचं इतिवृत्त पाली भाषेत कोणी नेलं?

“फुडं?” आजी म्हणाल्या. एव्हाना पाचसहा माणसं भोवती उभी होती. पुढे बुद्ध कंटाळून एकटे पारिलेय्यकाच्या जंगलात निघून गेले. तिथे एका हत्तीने त्यांची सेवा केली. भांडखोर भिक्खूंपेक्षा हत्ती बरा. इकडे कोसंबीच्या उपासकांनी एकच केलं. भिक्खूंना भिक्षा देणं बंद केलं. पोटाला चिमटा बसल्यावर सगळ्यांना एकदम समेट सुचला. “आस्सं!” आजींनी मांडीवर थाप मारली. “जेवण बंद केलं की येतात ताळ्यावर. आमचा म्हातारा तसाच.” स्टॉलवाला पोरगा म्हणाला, “काका, प्रवचन छान झालं, आता पुस्तक तरी घ्या.” मी दोन घेतली, एक आजींना दिलं. त्यांनी ते कपाळाला लावलं आणि मला पिशवीतून एक चपाती काढून दिली, मिरचीच्या ठेच्यासकट. ब्लडप्रेशरला ठेचा चालत नाही. खाल्ला.

मला काय हवं होतं ते आता कळलं होतं. पुढच्या प्रत्येक स्टॉलवर मी सरळ विचारत सुटलो, “भांडण असलेलं पुस्तक दाखवा.” एका वयस्कर विक्रेत्याला यात काहीही विचित्र वाटलं नाही. त्याने राहुल सांकृत्यायनांचा हिंदी मज्झिम निकाय, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांचा संग्रह, आणि भिक्षु धर्मरक्षितांचा हिंदी विशुद्धिमार्ग समोर ठेवला. दोन्ही एवढे जाड की राग आला तर फेकून मारण्याआधी दमूनच जावं.

मज्झिम निकायातल्या एकविसाव्या सुत्तातली, म्हणजे उपदेशातली, वेदेहिका मी हिला वाचून दाखवली. श्रावस्तीतली ही गृहिणी. शांत, सोशिक, नम्र अशी गावभर ख्याती. तिच्याकडे काळी नावाची दासी, कामात चोख. काळीच्या मनात आलं, बाईसाहेब खरंच शांत आहेत, की माझं काम चोख आहे म्हणून शांत आहेत? बघू तरी. एक दिवस ती उशिरा उठली. बाईच्या कपाळाला आठी. दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा. बाईच्या तोंडून चार शब्द. तिसऱ्या दिवशी त्याहून उशिरा, आणि बाईने दाराची अडणी उचलून काळीच्या डोक्यात घातली. काळी रक्ताळलेल्या डोक्यानिशी शेजारपाजारच्यांना दाखवत फिरली, बघा, बघा तुमच्या शांत बाईंचं काम! बुद्ध हे भिक्खूंना सांगतात आणि म्हणतात, मनाविरुद्ध शब्द कानावर पडेपर्यंत सगळेच शांत असतात.

ही म्हणाली, “आमच्या कामवाल्या मावशी पाली शिकल्या असतील का? तीन दिवस झाले, दहाला येतायत.”

विशुद्धिमार्ग तर रागावलेल्या माणसासाठीच लिहिल्यासारखा. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी श्रीलंकेत अनुराधपुरला बसून पालीत लिहिलेला हा ग्रंथ. मैत्रीभावना कशी करावी, तर आधी स्वतःपासून, मग आदरणीय माणूस, मग जिवलग मित्र, मग ना मित्र ना वैरी असा, आणि सगळ्यात शेवटी वैरी. नवशिक्याने वैऱ्यापासून सुरुवात करू नये, असं बजावून ठेवलंय. पंधराशे वर्षांपूर्वी कोणीतरी ३०२ पाहिलेला होता.

रोज सकाळी कोणीतरी बुद्धांच्या नावावर सुविचार पाठवतं, की राग धरणं म्हणजे दुसऱ्यावर फेकायला जळता निखारा हातात घेणं. निखारा बुद्धघोषांकडे आहे, पण तिथे त्याच्याबरोबर विष्ठाही आहे. दुसऱ्याला मारायला निखारा उचलणारा आधी स्वतः भाजतो आणि विष्ठा उचलणारा आधी स्वतः घाण होतो. सुविचारवाल्यांनी निखारा ठेवला आणि दुसरी वस्तू गाळली, कारण तिच्यामागे सूर्यास्ताचा फोटो लावता येत नाही. माझा जीव जडला तो त्या दुसऱ्या वस्तूवर.

राग जात नसेल तर पुढचा उपाय: स्वतःला विचार, तू नक्की कशावर रागावलास? त्याच्या केसांवर? नखांवर? दातांवर? मी काकांवर करून पाहिलं. केस नाहीत. दात काढून ठेवतात. नखांवर माझा राग नाही. म्हणजे मी रागावलोय तो केवळ अर्जावर, आणि अर्ज काय, कागद. दहा मिनिटं फार बरं वाटलं. मग अर्जाची चौथी प्रत आली.

या ग्रंथाचीही कुंडली पाहिली. आपल्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी याच्या संपादनासाठी थेट अमेरिकेतलं हार्वर्ड गाठलं, आणि तिथे श्रेय कोणाचं यावरून प्राध्यापकांशी बिनसलं. ती आवृत्ती निघाली १९५० साली; कोसंबी १९४७ मध्येच गेले होते. राग शांत करण्याचं पुस्तक रागापायी अडकलं, हे वाचून माझा या परंपरेवरचा विश्वास दुणावला.

शेवटचा उपाय: काहीच जमलं नाही, तर त्याला भेट दे. चित्तलपब्बत विहारातला एक थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, दुसऱ्याला पुन्हा पुन्हा त्याच्या जागेवरून उठवायचा (हा पार्किंगचाच प्रकार म्हणा ना), तर त्या उठवलेल्याने आईने दिलेलं आठ कहापणांचं (हे तेव्हाचं नाणं) भिक्षापात्र त्यालाच देऊन टाकलं. दोघांचं जमलं.

मी मोरावळ्याची बरणी घेऊन ३०२ ची बेल वाजवली. काकांनी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मेंटेनन्स वाढवताय?” नाही म्हटलं. “मग निवडणूक आहे?” नाही म्हटलं, सहज. ‘सहज’ या शब्दाने ते जास्तच सावध झाले. माझ्या काखेतला मज्झिम निकाय मात्र त्यांनी ओढून घेतला. “हे काय? बघू.” बरणी दोन दिवसांत धुऊन परत आली. पुस्तक नाही आलं.

सोमवारी काका म्हणाले, लिफ्टमधला दिवा मंद आहे. मी बदलला. मंगळवारी म्हणाले, फार प्रखर आहे. मी हसलो, पण काकांनी चष्मा सावरून माझ्या कपाळाकडे निरखून पाहिलं, ‘हं’ म्हणाले आणि समाधानाने जिना चढून गेले. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

बुधवारी रात्री अकराला बेल वाजली. दारात काका. एका हातात अर्ज, दुसऱ्या हातात मज्झिम निकाय, एकविसाव्या सुत्तात बोट घातलेलं.

“सेक्रेटरी, तो जुना मंद दिवाच बरा होता.”

आमच्या दाराला अडणी नाही, लॅच आहे. हे त्यांचं नशीब.